चित्र काढलं, पण धडा कळला का?

चौथीच्या वर्गात जलचक्र शिकवून झालं की बहुतेक शाळांत एक ठरलेलं काम येतं: ‘आता याचं चित्र काढून आणा.’ मुलं पुस्तकातलं चित्र समोर ठेवतात. एका बाजूला समुद्र, वर सूर्य, मध्ये ढग, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि वर-खाली जाणारे बाण. निळा तेलखडू झिजतो, चित्र सुबक होतं, बाई ‘छान’ असा शेरा देतात. मग त्याच मुलाला विचारा, ‘दोरीवरचे ओले कपडे वाळतात, तेव्हा त्यातलं पाणी कुठे जातं?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘सुकून जातं.’ बाष्पीभवनाचा बाण त्याने अगदी नीट काढलेला असतो. त्या बाणाचा आणि दोरीवरच्या शर्टाचा काही संबंध असेल, हे मात्र त्याच्या गावीही नसतं.

या कामात हात चालला, डोकं चाललं नाही. तरीही शाळेच्या नोंदींत ते ‘कलेतून शिक्षण’ म्हणूनच जमा होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-समेकित शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि सीबीएसईने तर २०१९ पासूनच त्याचा आग्रह धरला आहे. त्यामुळे प्रशिक्षणांत, परिपत्रकांत आणि पालकसभांत हा शब्द आता सारखा कानावर पडतो. त्यात अवघड काही नाही. चित्र, गाणं, ताल, नाच, नाटक, हस्तकला यांच्या वाटेने भाषा, गणित, विज्ञान, इतिहास शिकायचा. कलेचा तास एकीकडे आणि गणिताचा दुसरीकडे असं न करता, एकाच कामात दोन्ही गोष्टी शिकायच्या.

वर्गात मात्र हे कधी फार खोलवर जातं आणि कधी नुसतं वरवर राहतं. कुठलं काम कुठल्या प्रकारचं, हे ओळखायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: धडा न समजता मुलाला हे काम करता येईल का? येत असेल, तर ती सजावट झाली. पुस्तकावरून उतरवलेलं जलचक्र धड्यातलं अक्षरही न कळता काढता येतं, म्हणून ते नापास.

तेच जलचक्र नाटकातून

आता तोच घटक दुसऱ्या पद्धतीने घेऊन बघू. बाकं भिंतीला लावायची. फरशीवर खडूने जागा आखायच्या: अरबी समुद्र, ढग, महाबळेश्वर, धोम धरण, उसाचं शेत, विहीर, दोरीवरचा शर्ट, बंगालचा उपसागर. प्रत्येक मूल म्हणजे पाण्याचा एक थेंब. नियम एवढाच की एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं तर आधी कारण सांगायचं. ‘मी समुद्रातून वर चाललो, कारण ऊन तापलं आणि माझी वाफ झाली.’ कारण सांगता आलं नाही तर थेंब आहे तिथेच थांबतो.

थोड्याच वेळात वर्गात खरी गंमत सुरू होते. एक थेंब महाबळेश्वरच्या माथ्यावर पूर्वेच्या अंगाला पडतो, कृष्णेत जातो आणि वाईजवळ धोम धरणात अडकतो. दुसरा जरा पश्चिमेला पडतो, सावित्रीत शिरतो आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून परत अरबी समुद्रात, म्हणजे निघाला होता तिथेच पोचतो. एकाच ढगातले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतात, हे मुलांना तिथल्या तिथे पायांनी कळतं. तिसरा थेंब उसाच्या मुळात शिरलेला असतो आणि त्याला बाहेर पडायची वाट सापडत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘पानातून जा की!’ वनस्पती पानांतून पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतात, ही माहिती आता गरजेची झाली. विहिरीतला थेंब कंटाळून म्हणतो, ‘बाई, मी किती वेळ इथेच बसू?’ जमिनीखालचं पाणी खरोखरच फार काळ तिथे राहू शकतं, हे सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

पुस्तकातल्या बाणांमुळे मुलांच्या मनात गोल गोल फिरणारं पाणी बसतं. प्रत्येक थेंब शिस्तीत समुद्र, ढग, डोंगर, नदी, पुन्हा समुद्र असा फेरा मारतो असं त्यांना वाटतं. नाटकात हा गोल मोडतो आणि पाण्याच्या हजार वाटा दिसू लागतात. माझ्या मते हे शिकणं त्या सुबक चित्रापेक्षा कितीतरी पुढचं आहे.

इथे कलेचं कामही खोटं नाही. वाफ झालेल्या थेंबाने चालायचं कसं, हा प्रश्न मुलांवर सोपवा. आधी काही जण उगाच फुंकर घालत फिरतील. मग कुणीतरी हात पसरून, इतरांपासून लांब, हलकं हलकं चालून दाखवेल. ढगात गार लागलं की मुलं एकमेकांजवळ येतात, हात धरतात, जड होतात आणि खाली बसतात. वाफेत कण लांब लांब असतात आणि पाण्यात जवळ जवळ, ही पुढच्या इयत्तांत येणारी कल्पना इथे अंगात उतरते. अभिनय नेमका होत जातो तसं विज्ञानही नेमकं होतं. एक सुधारलं की दुसरं सुधारतं, अशी जोडी जमते तेव्हाच मी त्याला समेकन म्हणेन.

असं का घडतं?

पहिलं कारण आठवणीशी निगडित आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. शब्दांची यादी द्यायची. काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायचे, काहींचं चित्र काढायचं, प्रत्येकाला ४० सेकंद. नंतर अचानक विचारलं, कोणते शब्द आठवतात? चित्र काढलेले शब्द लिहिलेल्या शब्दांच्या जवळपास दुप्पट आठवले. चित्र चांगलं आहे की वाईट, याने काही बिघडलं नाही. हे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा तिसरी-चौथीला लावू नये. कारणमीमांसा मात्र लहान मुलांनाही लागू पडण्यासारखी आहे. ‘फुगा’ हा शब्द पाच वेळा लिहिताना फुग्याचा विचार करावाच लागत नाही. चित्र काढायचं तर फुगा कसा असतो हे आठवावं लागतं, त्यातलं काय दाखवायचं ते ठरवावं लागतं आणि हात तसा फिरवावा लागतो. अर्थ, हालचाल आणि दृश्य अशा तीन वाटांनी ती गोष्ट मनात जाते.

दुसरं कारण उजळणीचं. दहा वर्षांच्या मुलाला एकच धडा सहा वेळा वाचायला सांगा, तिसऱ्या वेळी ते खिडकीबाहेर बघू लागेल. त्याच धड्याचं नाटक बसवायला घ्या, ते सहा वेळा तालीम करेल आणि सातवी मागेल. प्रत्येक तालमीत तोच मजकूर जरा वेगळ्या बाजूने हाताळला जातो. पक्कं होण्यासाठी लागणारी उजळणी कंटाळ्याशिवाय होऊन जाते.

तिसरं कारण मला शिक्षक म्हणून सगळ्यात मोलाचं वाटतं: कलेत चूक लपत नाही. ‘समजलं का?’ या प्रश्नाला अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’मधून बाईंना काहीच कळत नाही. पण मुलांना एकेक पान हातात देऊन ते बघून काढायला सांगितलं की कोण काय बघतं आणि कोण काय गृहीत धरतं, ते कागदावर उघडं पडतं.

पानाचंच उदाहरण जरा जवळून बघू. वर्गात जास्वंदीची पानं वाटली आणि ‘चित्र काढा’ म्हटलं, तर पहिल्यांदा जवळजवळ सगळी मुलं पानाकडे न बघताच चित्र काढतात. मधोमध एक रेघ, दोन्हीकडे समोरासमोर तिरप्या रेघा, टोकदार शेंडा. हे त्यांच्या डोक्यातलं पान, बालवाडीपासून काढत आलेलं. आता सांगायचं, ‘हे बाजूला ठेवा. पान उलटं करा, मागच्या बाजूने शिरेवरून बोट फिरवा. मोठ्या शिरेतून निघालेली बारीक शीर कुठे जाते ते शोधा आणि तेवढंच काढा.’ पाच मिनिटं वर्ग शांत होतो. मग एकेक शोध लागू लागतात. शिरा नेहमी समोरासमोर नसतात. त्या कडेपर्यंत जाऊन संपत नाहीत, एकमेकींना मिळतात. कडा सरळ नाही, करवतीसारखी आहे. त्यानंतर केळीचं पान पुढे ठेवलं की न सांगता कुणीतरी म्हणतंच, ‘याच्यात जाळी नाही, सगळ्या रेघा शेजारी शेजारी.’ जाळीदार आणि समांतर शिराविन्यास हे दोन जड शब्द या क्षणी सांगावेत. आधी सांगितले तर ते फक्त पाठ होतात. शिवाय पहिलं आणि दुसरं चित्र शेजारी ठेवलं की मूल काय शिकलं याचा पुरावा आपोआप हातात येतो.

अपूर्णांक हाताने वाजवा

तिसरी-चौथीतला सगळ्यात चिवट घटक म्हणजे अपूर्णांक. १/४ हा १/२ पेक्षा लहान कसा, कारण चार तर दोनापेक्षा मोठा! भाकरी, पोळी, केक यांचे तुकडे करून आपण हे शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण तुकडे झाल्यावर पूर्ण वस्तू नजरेआड होते आणि मुलं नुसते तुकडे मोजत बसतात. तालात पूर्ण कधी हरवत नाही, कारण ठोका चालूच असतो.

एका मुलाने बाकावर संथ, सारखे ठोके द्यायचे. प्रत्येक ठोका म्हणजे एक मात्रा, एक पूर्ण. बाकीच्यांनी तोंडाने बोल म्हणायचे आणि हाताने वाजवायचे. आधी प्रत्येक ठोक्याला ‘धा’. एका मात्रेत एक. मग ‘धागे’. दोन अक्षरं, पण ठोका तोच. म्हणून प्रत्येकाला अर्धी मात्रा. मग ‘तिरकिट’. चार अक्षरं त्याच एका मात्रेत बसवायची, म्हणजे प्रत्येकाला पाव. इथे मुलांची तारांबळ उडते आणि त्या तारांबळीतच अपूर्णांक आहे. अक्षरं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेळ येतो, म्हणून जीभ घाईने फिरवावी लागते. खालचा अंक मोठा झाला की वाटा लहान होतो, ही गोष्ट आता सांगावी लागत नाही.

फळ्यावर चार चौकटी काढून लिहायचं: धा, धागे, तिरकिट, धा. प्रत्येक चौकट एक मात्रा. पहिली चौकट १, दुसरी १/२ + १/२, तिसरी १/४ चार वेळा. पुढची पायरी जरा अवघड. एका चौकटीत ‘धा’ अर्धी मात्रा आणि ‘ति’, ‘ट’ पाव पाव मात्रा. म्हणजे १/२ + १/४ + १/४. हे वाजवून बघा. एखाद्या मुलाने ‘धा’ला कमी वेळ दिला तर बोल ठोक्याच्या आधीच संपतात आणि सगळ्या वर्गाला ऐकू येतं. एखाद्याने लांबवलं तर पुढचा ठोका चुकतो. बेरीज चुकली हे सांगायला बाईंची गरज उरत नाही. नंतर मुलांना स्वतःची चौकट रचू द्या, फक्त अट घाला की एकूण बरोबर एक मात्राच झाली पाहिजे. हे गणितही आहे आणि खरीखुरी तालरचनाही.

अशा तऱ्हेच्या कामाचा अमेरिकेत अभ्यासही झाला आहे. कॅलिफोर्नियात तिसरीच्या ६७ मुलांवर केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, टाळ्या, ठोके आणि पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या पूर्ण-अर्ध्या-पाव चिन्हांमधून अपूर्णांक शिकवले. बाकीची नेहमीच्या पद्धतीने शिकली. संगीतातून शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती. त्यातली जी सुरुवातीला कच्ची होती, त्यांनी शेवटी हुशार गणल्या जाणाऱ्या मुलांना जवळजवळ गाठलं. ६७ ही संख्या लहान आहे, पण दिशा दाखवायला पुरेशी. आपल्याकडे तर स्वरलिपीही लागत नाही. भजनी मंडळात पखवाज वाजवणारे आजोबा जवळपास प्रत्येक गावात असतात. त्यांना एक दिवस वर्गात बोलवा.

रांगोळी आणि द्विशिक्षकी शाळा

‘आमच्याकडे एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता, आम्ही हे कधी करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर ठिपक्यांची रांगोळी हे आहे.

अंगणात मध्ये ७ ठिपक्यांची ओळ, तिच्या वर आणि खाली ६, मग ५, असं करत दोन्ही टोकांना एकेक ठिपका. पहिलीची मुलं ठिपके देतात आणि मोजतात. दुसरीची ओळीओळींची बेरीज करतात. तिसरी-चौथीला विचारायचं, न मोजता एकूण सांगता येईल का? उत्तर ४९. मग मध्ये ४ ठिपके घेतले तर? १६. मध्ये ५ घेतले तर? २५. आकृतिबंध दिसतो: मधल्या ओळीतल्या संख्येला तिनेच गुणायचं. असं का होतं, हे शोधायला मुलांनी रांगोळीच्या एका कोपऱ्यात, जरा तिरकं जाऊन उभं राहायचं. दोन ओळींतले ठिपके एकमेकांच्या खाचेत दिले असतील तर तिथून चौकोन दिसतो, सात ओळी आणि प्रत्येकीत सात. पाढ्यांत पाठ केलेले सात सत्ते एकोणपन्नास अंगणात पसरलेले दिसतात. मग ठिपके जोडताना सममिती येते: या बाजूला पाकळी काढली तर त्या बाजूला ती कुठे येईल? एकच रांगोळी, चारही इयत्ता कामाला, आणि खर्च जवळजवळ शून्य.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांनी जमिनीवर आकृत्या रंगवून, खडे आणि काड्या वापरून मुलांना जमिनीवर बसवून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा ते वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जात. त्यानंतर कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या फरशा रंगल्या. काही ठिकाणी मात्र रंगवलेली फरशी तेवढी उरली आणि मुलं पुन्हा बाकांवर बसून पाढे घोकू लागली. रंगवलेली फरशी मोठ्यांनी केलेली कला असते. मुलाने स्वतः ठिपके देणं वेगळं.

इतिहास, पण भूमिकेतून

चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले मुघलांना दिले, हे वाक्य मुलं पाठ करतात. २३ हा आकडा परीक्षेत येतो आणि जातो. त्याऐवजी एका मुलाला खुर्चीवर बसवा. तो कोंढाण्याचा हवालदार आहे. किल्ला सोडून द्यायचा हुकूम नुकताच हातात पडलाय. बाकीचा वर्ग म्हणजे पायथ्याच्या गावातली माणसं. त्यांनी प्रश्न विचारायचे. ‘न लढताच किल्ला द्यायचा?’ ‘आमचं काय होणार?’ ‘महाराज घाबरले का?’ या शेवटच्या प्रश्नावर वर्ग पेटतो. हवालदाराला उत्तर द्यायचं तर धडा पुन्हा उघडावा लागतो. मिर्झाराजांची फौज केवढी, पुरंदरावर मुरारबाजी कसा पडला, मुलूख कसा जाळला जात होता, आणि २३ दिले तरी १२ राखले. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, तोच कोंढाणा परत घेतला जातो तेव्हा त्या मुलांना तानाजीची गोष्ट नुसत्या शौर्याची राहत नाही, तिला मागचा धागा मिळतो. गॅदरिंगमधलं जिरेटोप-तलवारींचं नाटक मलाही आवडतं. पण तिथे संवाद मोठ्यांनी लिहिलेले असतात. खुर्चीवरच्या हवालदाराला स्वतः बोलावं लागतं.

नाटक आणि भाषा यांच्यातला दुवा संशोधनातही सगळ्यात भक्कम ठरला आहे. २००० साली वर्गातल्या नाट्याविषयीचे ८० अभ्यास एकत्र तपासले गेले. गोष्ट अभिनयातून अनुभवलेल्या मुलांना ती अधिक चांगली समजत होती आणि त्यांचं लेखनही सुधारत होतं. इतकंच नव्हे, तर न बसवलेल्या, नव्या मजकुरातही त्याचा फायदा दिसत होता.

किती खरं, किती फुगवलेलं

कलेवर प्रेम असणाऱ्यांनी एक पथ्य पाळायला हवं. ‘संगीत ऐकलं की बुद्धी वाढते’ हे वाक्य आजही पालकांच्या ग्रुपवर फिरतं. त्याचं मूळ १९९३ मधल्या एका प्रयोगात आहे. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य संगीतकार मोझार्टची रचना दहा मिनिटं ऐकवली आणि एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांत त्यांचे गुण थोडे वाढले. परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. प्रयोग मुलांवर नव्हता, शिकण्याविषयीही नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफिती देण्याची योजना काढली. असे दावे कोसळले की त्यांच्याबरोबर कलेचा तासही कोसळतो.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी २००० साली जुन्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, तेव्हा ‘कला शिकली की सगळ्या विषयांत गुण वाढतात’ याला भक्कम आधार सापडला नव्हता. मला तो निष्कर्ष पटतो. चित्रकलेच्या तासाने गणित सुधारत नाही. गणितातली एखादी कल्पना चित्रातून किंवा तालातून हाताळली, तर ती कल्पना पक्की होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथेच होतो.

दुसऱ्या गोष्टीचा एक चांगला अभ्यास अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा शाळांमधली पाचवीची सुमारे ३५० मुलं, विज्ञानाचे तेच घटक, तेवढाच वेळ. काही वर्गांत नेहमीची पद्धत, काहींत चित्र, गाणी, अभिनय यांतून. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली. वाचनात कच्च्या असलेल्या मुलांच्या लक्षात कला-समेकित वर्गात जास्त राहिलं होतं. वाचनात पक्क्या मुलांचं काही नुकसान झालं नव्हतं.

अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरातल्या ४२ शाळांत तर चिठ्ठ्या टाकून निवड केली: निम्म्या शाळांना कलावंत आणि कलासंस्थांची अधिक साथ मिळाली, बाकीच्यांना नाही. दहा हजारांहून अधिक मुलं त्यात होती. कला मिळालेल्या शाळांत बेशिस्तीच्या तक्रारी कमी झाल्या आणि लेखनाचे गुण वाढले. सगळं काही सुधारलं असा दावा त्या संशोधकांनीही केला नाही.

बाल्टिमोरचा निष्कर्ष वाचताना मला आपल्याच मुलांची आठवण होते. वाचन कच्चं असलेलं मूल पुस्तकी वर्गात प्रत्येक विषयात मागे पडतं, कारण प्रत्येक विषय वाचनाच्या दारातूनच आत येतो. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, नंदुरबारकडचं पावरी बोलणारं, पालघरमधलं वारली बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकी असते. त्याला पाणी, पान, मोजणं, वाटणं, कारण सांगणं सगळं येत असतं, फक्त ते पुस्तकाच्या भाषेत नसतं. चित्र, ताल, अभिनय हे त्याच्यासाठी आणखी काही दरवाजे आहेत. भाषा नंतर त्यातूनच येते, कारण काढलेल्या चित्राबद्दल बोलायची त्याला स्वतःलाच घाई असते.

हे ओळखणारी माणसं आपल्याकडे फार आधी होऊन गेली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली, ती हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवण्याचीच होती. सूत कातताना मोजमाप, कापसाबरोबर भूगोल. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आल्या. त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी परदेशी महागडी साधनं नाकारली आणि बिया, शिंपले, पानं, माती, तिथली गाणी वापरली. शाळेत येऊ न शकणाऱ्या गुराखी मुलांसाठी कुरणशाळा काढली. ‘कला-समेकित’ हा शब्द तेव्हा नव्हता, काम तेच होतं.

त्याच परिसरातली वारली चित्रकला आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर गोल डोकं. भूमितीसाठी हे फारच सोयीचं. पण ही चित्रं लग्नाच्या चौकासाठी सुवासिनी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढत आल्या आहेत, तारप्याच्या (फुंकून वाजवायच्या वाद्याच्या) नाचाची ती गोल गुंडाळत जाणारी रांग त्यांच्या जगण्यातली आहे, एवढं तरी मुलांना सांगायलाच हवं. नुसता त्रिकोण उचलून बाकीचं टाकून देणं मला खटकतं.

म्हणूनच, समेकन आलं म्हणून कलेचा स्वतंत्र तास काढून टाकणं चूक आहे. ज्या मुलाला खडू धरून रंग मिसळायला कधी मोकळा वेळच मिळाला नाही, ते विज्ञानाच्या तासाला पान काय काढणार? ज्याने कधी ठेका धरला नाही, त्याला तालात अपूर्णांक कसा सापडणार? कलेला कलेसाठी वेळ हवाच. काही चित्रांतून काहीही शिकायचं नसतं आणि ती तशीच राहू द्यावीत.

सुरुवात करणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की सगळे घटक कलेतून शिकवायच्या फंदात पडू नका. महिन्याला एक घटक पुरे, तोही मुलं जिथे दरवर्षी अडतात तो. थर्माकोल, चकमकी कागद, प्रिंट काढून चिकटवलेली माहिती हे सगळं टाळा. असे प्रकल्प बहुतेक वेळा रात्री अकरा वाजता आई करत असते. काम वर्गातच, मुलाच्या हातून आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून व्हावं. शेवटची पाच मिनिटं बोलण्यासाठी राखून ठेवा. ‘तू हे असं का केलंस?’ या प्रश्नाशिवाय चांगली कृतीही अर्धीच राहते, आणि गडबडीत नेमकी हीच पाच मिनिटं कापली जातात.

मूल्यमापनात चित्राच्या सुबकपणाला गुण देऊ नका. दिले तर महिन्याभरात वर्गात दोन गट पडतात, ‘चांगलं काढणारे’ आणि ‘ज्यांना येत नाही ते’, आणि दुसरा गट कागद झाकून बसू लागतो. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदीत ‘चित्र छान काढले’ असं लिहिण्याऐवजी मुलाने काय पाहिलं, काय ठरवलं, कुठे बदल केला ते लिहा. ‘पहिल्या चित्रात शिरा समोरासमोर दाखवल्या होत्या, पान पुन्हा पाहून दुसऱ्या चित्रात जाळी दाखवली आणि केळीच्या पानाशी असलेला फरक स्वतःहून सांगितला.’ ही नोंद पालकांना वाचून दाखवली, की ‘शाळेत नुसतं चित्रंच काढत बसतात’ या तक्रारीला वेगळं उत्तर द्यावं लागत नाही.